काळा रंग आणायचा कुठून?

चित्रपटगृहातला पडदा पांढरा असतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. मग त्या पांढऱ्या पडद्यावर नटाचे काळेभोर केस कसे दिसतात? प्रक्षेपक काही काळा प्रकाश फेकत नाही. काळा प्रकाश अशी वस्तूच जगात नाही. पडद्याच्या तेवढ्या भागावर प्रकाश पडत नाही आणि भोवतालचा भाग उजळ असतो, म्हणून तो भाग आपल्याला काळा वाटतो. खेळ चालू असताना कोणी दार उघडले, की बाहेरचा उजेड आत येतो. लगेच ते केस राखाडी दिसू लागतात आणि कपड्यांचे रंगही फिके पडतात. मूळ चित्रात काहीच बदललेले नसते. त्यावर नको असलेल्या प्रकाशाची भर पडलेली असते, इतकेच.

आभासी वास्तवाचा हेडसेट डोळ्यांवर चढवणाऱ्यांची नेहमीची तक्रार नेमकी हीच असते. रात्रीचे दृश्य काळे न दिसता धुरकट दिसते आणि रंग वारंवार धुतलेल्या कापडासारखे विटके वाटतात. येथे तर दार बंद आहे, डोळ्यांभोवती अंधार आहे. मग हा प्रकाश येतो कुठून? आणि तो घालवता येतो का?

व्याध ताऱ्याची कसोटी

प्रश्न किती नाजूक आहे, हे एका उदाहरणाने पाहू. हेडसेटमधून तारांगण दाखवायचे आहे अशी कल्पना करा. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे व्याध. त्याची प्रत सुमारे उणे १.५ आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे सर्वांत अंधुक तारे सहाव्या प्रतीचे असतात. प्रतींमध्ये ५ चा फरक म्हणजे तेजात १०० पटींचा फरक. येथे फरक ७.५ चा आहे. म्हणजे व्याध हा अंधुक ताऱ्याच्या सुमारे १,००० पट तेजस्वी ठरतो.

आता पडद्याकडे वळू. पडदा दाखवू शकतो त्या सर्वांत उजळ पांढऱ्याचे सर्वांत गडद काळ्याशी जे गुणोत्तर, त्याला तीव्रताभेद म्हणू. द्रवस्फटिकाच्या, म्हणजे एलसीडी प्रकारच्या पडद्यात हे गुणोत्तर साधारण १,००० ला १ असते. योगायोग पाहा! व्याधाला पडद्याचे सगळे तेज, म्हणजे १०० एकके, दिली तर सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या वाट्याला ०.१ एकक येते. पण पडद्याचा ‘काळा’ भागही ०.१ एककाने उजळलेलाच असतो. म्हणजे तारा आणि त्यामागचे आकाश यांच्यात हातचा फरक फारच थोडा उरतो.

गळणारी झडप

एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या मागे दिवे सतत जळत असतात आणि पुढे लाखो सूक्ष्म झडपा असतात. प्रत्येक झडपेत दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवलेले असतात आणि मध्ये द्रवस्फटिक असतो. द्रवस्फटिकाने प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा बदलली तर प्रकाश बाहेर पडतो, न बदलल्यास अडतो. पण कोणताही ध्रुवक परिपूर्ण नसतो आणि द्रवस्फटिकाचे रेणूही पूर्ण शिस्तीत उभे राहत नाहीत. नळ घट्ट बंद केला तरी थेंब गळावा, तसा थोडा प्रकाश गळतच राहतो.

ओएलईडी पडद्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो. वीज बंद केली की तो बिंदू खरोखर विझतो. २०१६ साली आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटमध्ये ओएलईडी पडदे होते. पुढे व्हॉल्व इंडेक्स (२०१९) आणि ऑक्युलस क्वेस्ट २ (२०२०) यांत एलसीडी आले. चित्र अधिक बारीक झाले, बिंदूंमधली जाळी कमी दिसू लागली, पण काळोख मात्र फिका झाला. म्हणून जुन्या हेडसेटवरून नव्यावर आलेल्यांना हा बदल विशेष जाणवला.

मग सरसकट ओएलईडी का वापरू नये? त्यालाही एक खोड आहे. पूर्ण विझलेल्या बिंदूला पुन्हा पेटायला किंचित उशीर लागतो. मान वळवताना गडद भागांच्या कडांवर त्यामुळे काजळी फासल्यासारखी दिसते. ती टाळण्यासाठी काही हेडसेटमध्ये बिंदू पूर्ण विझूच दिले जात नाहीत. म्हणजे येथेही थोडा काळोख सोडावा लागतोच.

भिंगांचा वाटा

पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवरच असल्याने मध्ये भिंग लागते. अनेक हेडसेटमध्ये फ्रेनेल भिंगे असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी दीपगृहासाठी तयार केलेले असे भिंग १८२३ साली कॉर्दुआँ येथे बसवले गेले. जाड भिंगाऐवजी वर्तुळाकार पायऱ्या कोरल्या की भिंग पातळ आणि हलके होते. पण पायऱ्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो. काळ्या आकाशात पूर्णचंद्र दाखवला की त्यातून निघालेल्या फिकट पट्ट्या आकाशभर पसरतात.

अलीकडच्या हेडसेटमधल्या ‘पॅनकेक’ भिंगांत प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून जातो, मागे परततो आणि पुन्हा परावर्तित होऊन डोळ्यांकडे येतो. या फेऱ्यांत निम्म्याचा निम्मा होऊन जास्तीत जास्त पाव प्रकाशच उरतो, आणि वाट चुकलेले थोडे किरण अंधुक दुहेरी प्रतिमा उमटवतात.

रंग का विटतात?

गर्द तांबड्या रंगाचा एक बिंदू घ्या. त्यात लाल प्रकाश १ एकक आहे. हिरवा व निळा शून्य. गळती आणि विखुरणे यांमुळे तिन्ही रंगांचा प्रत्येकी अर्धा एकक प्रकाश त्यात मिसळला. आता लाल १.५, हिरवा ०.५ आणि निळा ०.५ झाला. तिन्हींतला समान अर्धा भाग मिळून पांढरा होतो. म्हणजे तांबड्या रंगात आपण नकळत दुधाचे थेंब टाकले! उलट लाल प्रकाश १०० एकके असता तर या अर्ध्या एककाचा पत्ताही लागला नसता. म्हणून आधी गडद रंग विटतात, भडक रंग टिकून राहतात.

आकड्यांतली चूक

आतापर्यंतची कारणे यंत्राच्या घडणीतली होती. पण कित्येकदा दोष यंत्रात नसतो, चित्राच्या हिशेबात असतो, आणि तो सहज दुरुस्त होतो.

संगणक प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ या अंकांत लिहितो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण उजळ. दूरदर्शन संचांच्या परंपरेत मात्र दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवतात. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार काळ्याचा अंक १६ आणि पांढऱ्याचा २३५ ठरला. पहिल्याला पूर्ण पल्ला आणि दुसऱ्याला मर्यादित पल्ला म्हणतात. पाठवणारा आणि घेणारा एकाच पद्धतीने चालले तर अडचण नाही. घोटाळा होतो तो दोघांचे पल्ले जुळले नाहीत तर.

समजा चित्र मर्यादित पल्ल्यात आले आणि हेडसेटने ते पूर्ण पल्ल्यातले मानले. मग १६ हा अंक काळा न राहता राखाडी होतो, आणि पांढरा २३५ वरच अडतो. अंक आणि प्रकाश यांचे नाते सरळ नसते. अंक दुप्पट केला की प्रकाश सुमारे साडेचार पट होतो. या नियमाने हिशेब केला, तर आपल्या १०० एककांच्या पडद्यावर काळा ०.१ वरून सुमारे ०.३३ वर चढतो आणि पांढरा सुमारे ८४ वर उतरतो. १,००० ला १ हे गुणोत्तर घसरून सुमारे २५० ला १ होते. एका चुकीच्या खुणेने तीनचतुर्थांश तीव्रताभेद गेला!

उलट चूकही तितकीच वाईट. पूर्ण पल्ल्यातले चित्र मर्यादित मानले तर १६ च्या खालचे सर्व अंक सरसकट काळे होतात. व्याधाला २५५ अंक दिला असेल, तर सहाव्या प्रतीच्या ताऱ्याचा अंक साधारण ११ येतो. म्हणजे तो तारा नाहीसाच होतो. आकाश छान काळे दिसते, पण ते खोटे असते. काळोख हवा म्हणून तारे पुसून चालत नाही.

उपाय कोणते?

पहिली पायरी निदानाची. एकच चित्र हेडसेटच्या स्वतःच्या साठ्यातून आणि संगणकाच्या जोडणीतून, असे दोन मार्गांनी पाहा. एकाच मार्गाने फिके दिसले, तर पल्ल्याची निवड चुकली आहे. ती जुळवून घ्या. दोन्ही मार्गांनी फिके दिसले, तर कारण बहुधा पडद्यात किंवा भिंगात आहे.

भिंगे कोरड्या, मऊ, सूक्ष्मतंतूंच्या कापडाने पुसा. बोटांच्या तेलकट ठशांमुळे प्रकाश विखुरतो. मात्र हेडसेट उन्हात ठेवू नका. भिंग सूर्यप्रकाश पडद्यावर एकवटते आणि पडदा जळतो. नाकाजवळच्या फटीतून उजेड येत असेल तर पट्टे नीट बसवा किंवा खोलीतला दिवा मंद करा. भिंगांमधले अंतर डोळ्यांमधल्या अंतराशी जुळवा.

एलसीडीची उजळता थोडी कमी केली, तर काळा व पांढरा दोन्ही त्याच प्रमाणात खाली येतात. गुणोत्तर बदलत नाही, तरी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना राखाडीपणा कमी टोचतो. अंक व प्रकाश यांचे नाते बदलून मधल्या छटा गडद करता येतात. त्याने चित्र उठावदार भासते. पण पडद्याच्या गळतीखाली जाणे कोणत्याही आज्ञावलीला शक्य नाही. वजाबाकीने प्रकाश कमी करता येतो, पण झडप बंद असताना वजा करायला उरतेच काय?

त्यासाठी मागचे दिवेच मंद करावे लागतात. २०२२ च्या मेटा क्वेस्ट प्रो या हेडसेटमध्ये मागच्या प्रकाशाचे ५०० हून अधिक भाग वेगवेगळे मंद करण्याची सोय होती. येथेही मर्यादा आहेच. एका भागात एकच तेजस्वी तारा असला तरी तो सबंध भाग उजळावा लागतो आणि ताऱ्याभोवती खळे पडते.

हे करून पाहा

हेडसेट नसला तरी हा प्रयोग घरी करता येईल. एक एलसीडी आणि एक ओएलईडी पडद्याचा असे दोन मोबाइल मिळवा. दोन्हींवर संपूर्ण काळे चित्र लावा. खोलीत पूर्ण अंधार करून १० मिनिटे थांबा, म्हणजे डोळे सरावतील. मग दोन्ही पडदे पाहा. एक अंधारात हरवून जाईल, दुसरा राखाडी चौकोन बनून उभा राहील. आता दिवा लावा: दोन्ही पुन्हा सारखेच काळे दिसतील!

असे का झाले, याचे उत्तर आपल्या शब्दांत वहीत लिहून काढा. ते नीट लिहिता आले, तर हेडसेटमधल्या फिक्या रात्रीचे रहस्यही तुम्हाला कळले असे समजा.