दिल्लीची हवा आणि लाकडी जमीन

मे 2023 मध्ये नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा तिथले सागवान नागपूरचे आणि बांबूचे फ्लोअरिंग त्रिपुराचे, हे कौतुकाने सांगितले गेले. दिल्लीत लाकडी जमिनीची हौस तशी जुनीच. राष्ट्रपती भवनातला अशोक मंडप (पूर्वीचा अशोक हॉल) मुळात नाचघर, त्यामुळे त्याची जमीन लाकडीच आहे. आता गुरुग्राम-नोएडाच्या फ्लॅटमध्येही ओकच्या पट्ट्या बसतात, आणि वर्षभरात घरमालक सुताराला शिव्या घालू लागतात.

सुतार बहुतेक वेळा निर्दोष असतो. लाकूड कापले, रंधले, पॉलिश केले तरी हवेतली वाफ घेत आणि सोडत राहते. मे महिन्यात लू वाहते तेव्हा दिल्लीतली दुपारची आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते. ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता 80च्या पुढे जाते. कोरड्या हवेत लाकडात वजनाच्या जेमतेम 5 टक्के पाणी उरते, दमट हवेत 15 टक्क्यांच्या आसपास. या फरकाने 120 मिलिमीटर रुंदीची ओकची पट्टी चारेक मिलिमीटर फुगू शकते, सागाची साधारण निम्मीच. लांबीत मात्र दोघांनाही जवळजवळ काही होत नाही. म्हणून फटी पडतात त्या पट्ट्यांच्या लांब कडांना.

मुंबईची हवा दमट खरी, पण बारा महिन्यांत इतकी उलथापालथ करत नाही. दिल्लीत हिवाळाही दगा देतो. बाहेर धुके असते म्हणून हवा ओली वाटते. पण 7 अंशांची तीच हवा खोलीत हीटरने 22 अंशांवर नेली, की 90 टक्के आर्द्रतेची 35 टक्केही उरत नाही.

उपाय महागडे नाहीत. खोलीत एक हायग्रोमीटर टांगावा आणि काटा 35 ते 55च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करावा. पावसाळ्यात एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवावा. कूलर मे महिन्यात थोडी ओल देतो, पण जुलैत तो बंदच बरा. निथळता पोछा तर कधीच नको. पट्ट्या बसवण्याआधी काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात, आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली बोटभर फट सोडावी.

कडा उचललेल्या दिसल्या, तर लगेच घासायचे मशीन मागवू नका. आधी ओल कुठून येते ते शोधून थांबवा. वाळल्यावर बऱ्याच कडा आपसूक बसतात. ओल्या पट्ट्या घासून सपाट केल्या, तर सुकल्यावर कडा खचतात आणि मधला भाग उंच राहतो.