बारी हुकलेली पिढी

अंजूरफाट्याहून दापोड्याकडे निघालं की वळ गाव गोदामांच्या आडून दिसतं. दोन्ही अंगांना पत्र्याच्या उंच शेड, त्यांच्या दारात मागे लागलेले कंटेनर, आणि मधूनच एखादं खाचर, ज्यात अजून भात होतो. मुंबईची जकात चुकवून, म्हणजे कायदेशीरपणे तिच्या हद्दीबाहेर राहून, माल ठेवायचा म्हणून भिवंडी तालुक्यात ही गोदामं वाढली. जुलै २०१७ मध्ये जीएसटीने जकात संपवली, तरी गोदामं थांबली नाहीत, उलट आणखी फोफावली. या पट्ट्यात जमीन भाड्याने किंवा विकत गेली, नांगर अडगळीत गेला. तरी भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, पनवेल या सगळ्या टापूतून बैल हद्दपार झाला नाही. दावणीला उरला तो शर्यतीचा.

इकडची शर्यत म्हणजे दोन छकडे शेजारी शेजारी, समोर सरळ मैदान, झेंडा पडला की सुटायचं. बिनजोड म्हणतात ती हीच, एका शेठच्या जोडीने दुसऱ्याच्या जोडीला दिलेलं आव्हान. वळण नाही, फेऱ्या नाहीत, डावपेचाला जागा नाही. मोटारींच्या ड्रॅग शर्यतीतही याहून वेगळं काही नसतं. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाड्या पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, असंच सरळ पळतात आणि सगळा निकाल सुटण्यावर आणि पहिल्या काही सेकंदांवर लागतो. फरक एकच, पण मोठा आहे. मोटारीचं इंजिन सात वर्षं झाकून ठेवता येतं आणि परत चालू करता येतं. बैलाचं तसं नाही. महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींच्या गेल्या दीड दशकाकडे वळून बघताना मला सारखं हे जाणवतं की बंदीचा हिशेब सगळ्यांनी माणसांच्या वर्षांत केला. बैलाच्या वर्षांत तो फार वेगळा येतो.

बैलाचा शर्यतीतला हिशेब दातांवर चालतो. दुधाचे दात असेपर्यंत तो आदत. मग दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. अडीच-तीन वर्षांचा असताना मैदान दाखवायचं, पाच-सहाव्या वर्षी तो भरात येतो, आणि त्यानंतर काही हंगाम. त्याच्या हाती असतात ती एवढीच वर्षं. आता तारखा बघा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आणि १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्राला अटींसह पुन्हा परवानगी दिली. मध्ये साडेसात वर्षांहून जास्त काळ गेला. २०१२ च्या आसपास जन्मलेलं खोंड आदत असतानाच बंदी आली, आणि बंदी उठली तेव्हा ते म्हातारपणाला टेकलं होतं. एक अख्खी पिढी कायदेशीर बारी, म्हणजे मैदानातली एक धाव, न धावताच संपली.

सुरुवात मात्र २०१४ ची नव्हे. जुलै २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. प्रदर्शन किंवा खेळासाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड होतेच, त्यात बैलाची भर पडली. गोठ्यातला बैल सर्कशीतल्या वाघाच्या रांगेत बसला, हे गाडामालकांना आजही पटलेलं नाही. राज्य सरकारने लगेच शर्यती बंद केल्या, मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी योग्य ठरवली, आणि प्रकरण दिल्लीला गेलं. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या २०१४ च्या निकालाचा गाभा असा की बैल ओझं ओढणारा प्राणी आहे, पळण्यासाठी त्याची शरीररचना नाही, आणि माणसाच्या करमणुकीसाठी त्याला वेदना देता येणार नाही.

यातल्या शेवटच्या मुद्द्याला शर्यतवाल्यांकडे तेव्हा सरळ उत्तर नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. पराणीला खिळे लावणं, शेपटी पिरगाळणं, ती चावणं, बॅटरीचा शॉक देणं हे प्रकार होत होते. ज्यांनी मैदानं पाहिली आहेत त्यांना वेगळ्या साक्षीची गरज नाही. नाद म्हणून बैलाला पोटच्या पोरासारखं वाढवणारे आणि झेंडा पडल्यावर त्याच बैलाला आर टोचणारे, ही दोन वेगळी माणसं असतीलच असं नाही. न्यायालयासमोर पहिला माणूस उभा राहिला, पुरावा दुसऱ्याचा दाखवला गेला.

बंदीला वर्ष पूर्ण व्हायच्या आत आणखी एक गोष्ट झाली, आणि तिचा या विषयाशी असलेला संबंध फारसा कुणी जोडत नाही. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी कायदा लागू झाला. गाय आधीपासून संरक्षित होती, आता बैल आणि वळूही त्यात आले. म्हणजे एका हाताने बैलाचं पळणं बंद, दुसऱ्या हाताने त्याचं कत्तलीसाठी विकलं जाणं बंद, आणि शेतात त्याच्या जागी ट्रॅक्टर. खिल्लार गाय पाळून गोऱ्हे वाढवणाऱ्या आटपाडी, खरसुंडी, सांगोला भागातल्या माणसाने हा व्यवहार कसा जमवायचा? देशाच्या पशुगणनेत नर गोवंश २०१२ मध्ये सुमारे ६.७९ कोटी होता, तो २०१९ मध्ये ४.७४ कोटींवर आला. ही घट काही शर्यतबंदीमुळे झालेली नाही, तिचं मोठं कारण ट्रॅक्टर आहे. पण खिल्लारसारख्या चपळ, दुधाला कमी असलेल्या जातीला शर्यत हे भाव देणारं जवळपास एकच गिऱ्हाईक उरलं होतं, आणि तेच गेलं होतं.

मधली वर्षं अर्जविनंत्यांची. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून मुभा दिली, पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी तरुणांनी ठाण मांडलं आणि तमिळनाडूने स्वतःचा कायदा केला. तो धडा बघून महाराष्ट्रानेही एप्रिलमध्ये विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळवली. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालय म्हणालं, आधी नियम करा. नियम झाले. एका शर्यतीचं अंतर एक हजार मीटरपेक्षा जास्त नको, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पन्नास हजारांची अनामत, पशुवैद्यकाचा दाखला, काठी-चाबूक-पराणी काही नको, आणि छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा तोच प्रश्न विचारला: जो प्राणी पळण्यासाठी घडलेलाच नाही, त्याला नियम करून कसं पळवणार? यावर सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा अभ्यास करायला समिती नेमली आणि तिचा अहवाल सर्वोच्च न्यायालयात सादर केला. चार हजार वर्षं बैलाच्या मागे चाललेल्या माणसाला बैल पळतो हे कागदावर सिद्ध करावं लागलं. मला यात विनोद दिसतो, पण सरकारी वकिलांना तो दिसून चालणार नव्हतं.

या काळात शर्यती खरंच थांबल्या होत्या असं कुणी म्हणत असेल तर त्याने ठाणे-रायगडकडची पहाट बघितलेली नाही. आदल्या रात्री निरोप फिरायचे, उजाडायच्या आत माळावर दोन-चार जोड पळायचे, पोलिसांची गाडी येईपर्यंत मैदान मोकळं. गुन्हे दाखल व्हायचे, छकडे जप्त व्हायचे. चोरून पळणाऱ्या शर्यतीत डॉक्टर नसतो, रुग्णवाहिका नसते, पराणी तपासणारं कुणी नसतं. ज्या कारणासाठी बंदी आली त्याच कारणाला बंदीने आडोसा दिला. २० ऑगस्ट २०२१ ला आमदार गोपीचंद पडळकरांच्या पुढाकाराने आटपाडी तालुक्यातल्या झरे भागात संचारबंदी आणि पोलीस बंदोबस्त चुकवून पहाटे शर्यत झाली, तिची राज्यभर बातमी झाली. आमच्या बाजूला ही रीत जुनीच होती, फक्त तिला कॅमेरे नव्हते.

मग आला १६ डिसेंबर २०२१. न्या. अजय खानविलकर यांच्या पीठाने महाराष्ट्राला, घटनापीठाचा अंतिम निकाल येईपर्यंत, २०१७ च्या नियमांनुसार शर्यती घ्यायला मुभा दिली. त्या संध्याकाळी गावोगाव गुलाल-भंडारा उधळला गेला. तिथून १८ मे २०२३ पर्यंतचा दीड वर्षाचा काळ हा माझ्या मते या खेळाचा सगळ्यात विलक्षण हंगाम. चढ असे की डोळे दिपावेत, आणि उतार असे की कोणत्याही क्षणी पुन्हा सगळं बंद पडावं.

पहिला उतार पंधरवड्यातच लागला. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ ला शर्यतीचा घाट भरायचा होता, मंडप उभे होते, टोकन वाटून झाली होती. ओमायक्रॉनच्या भीतीने आदल्या दिवशी परवानगी रद्द झाली. फेब्रुवारीत तो घाट अखेर पळाला. मे महिन्याच्या शेवटी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत चार दिवस शर्यत चालली. बक्षिसांची रक्कम दीड कोटींच्या घरात आणि पहिल्याला जेसीबी. बोलेरो आणि ट्रॅक्टर मागच्यांना. शेतातून बैलाला बाहेर काढणारी यंत्रंच बैलाला बक्षीस म्हणून मिळू लागली, हे त्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

सप्टेंबरात गुरांचा लम्पी त्वचारोग आला. राज्यात गुरांचे बाजार, वाहतूक, जत्रा, शर्यती सगळ्यावर निर्बंध आले. आता न्यायालय नव्हतं, आंदोलन करायला समोर कुणी नव्हतं. दावणीला बांधलेला लाखांचा बैल आणि त्याच्या अंगावर गाठ तर नाही ना हे रोज सकाळी हात फिरवून बघणारा मालक, एवढंच. खुराक मात्र चालूच ठेवावा लागतो. उडदाची डाळ, पेंड, खारीक, दूध, अंडी, आणि रोजचं चालवणं, पोहवणं. पळत नसलेला शर्यतीचा बैल पळणाऱ्या बैलाएवढंच खातो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथमध्ये शर्यतीच्या वैरातून दोन गटांत गोळीबार झाला. या प्रकरणात पनवेलच्या विहिघरचे पंढरीनाथ फडके यांना अटक झाली. या टापूत पंढरीशेठ म्हणजे बिनजोडचं दुसरं नाव. अंगावर सोनं, गाडीच्या टपावर नाच, दावणीला बैलांचा ताफा, त्यात गाजलेला बादल. बैलगाडा संघटनेचं नेतृत्वही त्यांच्याकडे होतं. बंदी उठवण्यासाठी झालेल्या लढ्यात अशा माणसांचा पैसा आणि माणूसबळ होतं, हे नाकारता येत नाही, आणि परवानगी मिळाल्यावर वर्षही उलटायच्या आत खेळाला काळिमा लागला तोही याच वर्तुळात. फडके यांचं फेब्रुवारी २०२४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने निधन झालं. त्यांच्याबद्दल बोलताना लोक अजूनही आवाज एक तर चढवतात किंवा उतरवतात. मधला सूर सापडत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये पैलवान चंद्रहार पाटील यांनी विट्याजवळच्या भाळवणीत रुस्तुम-ए-हिंद मैदान भरवलं, बक्षीस थार गाडी. पुढच्याच महिन्यात, १८ मे ला, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. हा खेळ परंपरा आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम, नियम पाळले जातात की नाही हे बघणं जिल्हाधिकाऱ्यांचं, असा निकालाचा रोख होता. बारा वर्षांची टांगती तलवार उतरली.

त्यानंतर मैदानं झपाट्याने बदलली. पश्चिम महाराष्ट्रात गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या, निकालाला कॅमेरा, घरबसल्या थेट प्रक्षेपण. विदर्भातल्या शंकरपटात घड्याळ सेकंदाचे बारीक तुकडे मोजतं. झेंडा पडेपर्यंत जोडी धरून ठेवणारा सुट्टीमेकर आता नावाने ओळखला जातो, कारण बारी बहुतेक वेळा त्याच्या हातातच जिंकली किंवा हरली जाते. बैलांची नावंसुद्धा बघा. सोन्या, राजा, सर्जा मागे पडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या श्रीनाथ केसरी मैदानात फॉर्च्युनर जिंकणाऱ्या जोडीत एक होता हेलिकॉप्टर बैज्या आणि दुसरा ब्रेक फेल. मोटार शेवटी जुवाखाली आलीच.

भिवंडी-पनवेलकडचा बैलमालक आता क्वचितच खोंड स्वतः घडवतो. त्याला तेवढा वेळ नाही, आणि माती तर नाहीच. तो सातारा-सांगलीकडच्या मैदानात पळून दाखवलेला बैल घेतो, जमिनीच्या पैशातून, आणि एकदम वरच्या पायरीवरून सुरुवात करतो. न पळालेल्या खोंडाचा धोका तिकडच्या गायवाल्याच्या गळ्यात राहतो. बंदीपूर्वी मैदान हरलेला बैल परत औताला जायचा. त्याच्यावर कुणी लाखो लावलेले नसायचे, म्हणून त्याची कुणाला शरमही नसायची. आज आदत गटात मागे पडलेल्या गोऱ्ह्याला औत नाही, बाजारात पुढचा मार्ग कायद्याने बंद आहे, आणि विकत घ्यायला येणारा वळ-दापोड्याकडचा शेठ आधी मोबाईलवर त्याच्या बाऱ्या बघून येतो.