रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही

मागच्या वेळी आपण जुन्या गाड्यांचं वायरिंग पाहिलं. ते संपल्यावर तीन-चार जणांनी जवळजवळ एकाच शब्दांत प्रश्न विचारला: "रेस सोडल्यावर इंजिन लगेच स्लोवर येत नाही. थोडा वेळ वरच रेंगाळतं, मग हळूहळू खाली उतरतं. काय करायचं?" आजचा सगळा वेळ आपण या एका प्रश्नाला देऊ.

उदाहरण म्हणून बीडाच्या इंजिनाची जुनी 350 बुलेट घेऊ. म्हणजे मद्रासची, आतमध्ये पॉइंट असलेली, मिककार्बचा व्हीएम 24 कार्बोरेटर लावलेली. ही गाडी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि या दुखण्याची बहुतेक सगळी कारणं तिच्यात एका जागी सापडतात.

आमच्याकडे अशी एक बुलेट आली होती. मालकाच्या वडिलांची गाडी. ते म्हणाले, "विकून टाकतो." कारण विचारलं तर घाटाची गोष्ट निघाली. उतारावर वळण आलं, त्यांनी रेस पूर्ण सोडली, पण इंजिन वरच राहिलं. इंजिनाचा जो ब्रेक लागायला हवा तो लागलाच नाही, उलट गाडी पुढे ढकलली गेली. मागे मुलगा बसलेला. वळण कसंबसं निघालं, पण त्यानंतर गाडीवरचा विश्वास उडाला. त्याआधी दोन गॅरेजांत दाखवून झालं होतं. दोन्हीकडे उपाय एकच: स्क्रू फिरवून स्लो कमी करून दिला. चार दिवस बरं वाटलं, मग सिग्नलला गाडी बंद पडायला लागली. म्हणून स्लो पुन्हा वाढवला, आणि दुखणं परत आलं.

म्हणून पहिली गोष्ट: स्लोच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा. तो स्क्रू फक्त स्लाइड किती खाली बसेल ते ठरवतो. इंजिन खाली येताना का अडतं, हे तो सांगत नाही. उलट खरं कारण झाकून टाकतो.

आता प्रश्नाचे दोन भाग करू. रेस सोडल्यावर स्लाइड खरोखर पूर्ण खाली बसते का? बसत नसेल तर दोष केबलचा, स्प्रिंगचा किंवा स्लाइडचा. बसत असेल आणि तरीही इंजिन वरच राहत असेल, तर दोष हवेचा, पेट्रोलचा किंवा ठिणगीचा.

पहिल्या भागाची तपासणी फुकटात होते. इंजिन बंद ठेवा, मूठ पूर्ण फिरवा आणि झटकन सोडा. कार्बोरेटरमध्ये स्लाइड खाली आपटल्याचा स्वच्छ "टक्" आवाज यायला हवा. हँडल पूर्ण डावीकडे नेऊन एकदा, पूर्ण उजवीकडे नेऊन एकदा ऐका. एका बाजूला आवाज मऊ आला किंवा आलाच नाही, तर केबल कुठेतरी ताणली किंवा दबली जात आहे. बुलेटमध्ये ही जागा बहुतेक वेळा हेडलाइटच्या डब्यात असते. तिथे वायरिंगचा गुंता कोंबलेला असतो आणि त्याच्याखाली केबल चेंगरते. मग इंजिन चालू करून हँडल तसंच फिरवा. आवाज वरखाली झाला तर केबलला ढील नाही. मूठ एक-दोन मिलिमीटर मोकळी फिरायला हवी. केबलचे तार सुटलेले असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, सरळ नवी टाका. अडकणारी केबल घेऊन घाटात जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

आमच्या त्या बुलेटची केबल उत्तम होती. टक् आवाज दोन्हीकडे खणखणीत. म्हणजे दुसरा भाग.

इंजिन गरम करून ते वर रेंगाळत असताना आम्ही चोक अगदी थोडा लावला. इंजिन लगेच खाली बसलं. याचा अर्थ मिश्रण पातळ होतं: हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन आणखी कुठूनतरी हवा ओढत होतं, किंवा पायलट जेट अर्धवट बुजला होता.

हवा ओढण्याची बुलेटमधली नेहमीची जागा म्हणजे कार्बोरेटरचा फ्लँज. तो दोन नटांनी हेडला धरलेला असतो. मध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा आणि पॅकिंग. नट जरा जास्त आवळले की नरम धातूचा फ्लँज धनुष्यासारखा वाकतो, आणि मधल्या बाजूला फट पडते. जितकं आवळाल तितकी फट मोठी. गळती शोधायला काही जण तिथे पेट्रोल टाकतात. ते करू नका, शेजारी तापलेलं हेड आणि सायलेन्सर आहे. आम्ही जोडावर चारही बाजूंनी जाड ग्रीस थापतो. ग्रीस लावल्यावर इंजिनाचा आवाज बदलला की जागा सापडली. इथे बदलला. फ्लँज काढून काचेवर ठेवला तर दोन्ही कान टेकलेले आणि मधून उजेड दिसत होता. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकारात घासून तो सपाट केला. दोन्ही बाजूंना नवीन पॅकिंग घातलं, नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. पायलट जेट काढून हवेने साफ केला. त्यात तार घालू नये, भोक मोठं होतं. व्हीएम 24 चा एअर स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात केली. एक लक्षात ठेवा, हा स्क्रू हवेचा आहे. बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. अनेक जण उलट समजतात.

निम्मं दुखणं गेलं. निम्मं राहिलं.

आमच्यातले दोघे तेव्हा म्हणत होते, नवीन कार्बोरेटर टाकू. पण आता चोक लावून काही फरक पडत नव्हता. म्हणून आणखी एक चाचणी घेतली. इंजिन वर रेंगाळत असताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, ब्रेक घट्ट धरला आणि क्लच किंचित सोडून इंजिनावर भार दिला. फेऱ्या खाली आल्या. क्लच पुन्हा दाबला, तरी त्या खालीच राहिल्या. कुठूनतरी जास्तीची हवा येत असती तर त्या पुन्हा वर चढल्या असत्या. म्हणजे या इंजिनाला मुक्कामाच्या दोन जागा होत्या, एक खालची आणि एक वरची.

हे कसं होतं? बुलेटच्या पॉइंटखाली दोन छोटी वजनं असतात, त्यांना दोन स्प्रिंगा. इंजिन वेगात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम थोडा पुढे सरकतो, त्यामुळे ठिणगी आधी पडते. वेग कमी झाला की स्प्रिंगा वजनं आत ओढतात. स्प्रिंगा सैल झाल्या किंवा जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं झालं, तर वजनं वेळेवर परत येत नाहीत. ठिणगी लवकर पडतच राहते. तेवढ्याच मिश्रणातून इंजिनाला जास्त जोर मिळतो, म्हणून वेग कमी होत नाही. आणि वेग कमी होत नाही, म्हणून वजनं आत येत नाहीत. चक्र पूर्ण.

पॉइंटचं झाकण काढून कॅम बोटाने पुढे फिरवला आणि सोडला. तो झटकन परत यायला हवा. आमचा कॅम आळसावून, अर्ध्यातच थांबला. सगळं सुटं केलं, रॉकेलने धुतलं, एक थेंब हलकं तेल दिलं, स्प्रिंगा नव्या घातल्या. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवला, टायमिंग पुन्हा लावलं. आणि मग, अगदी शेवटी, स्लोच्या स्क्रूला हात लावला. नवीन कार्बोरेटर लागलाच नाही.

इथे एक कबुली. आपल्याला बुलेटचा तो संथ डग-डग आवाज फार प्रिय. त्या हौसेपायी स्लो इतका खाली नेतात की इंजिन कण्हत चालतं. स्लो जरा वर असू द्या.

पेट्रोलबद्दलही बोलायला हवं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी लावलेला कार्बोरेटर आज आपोआप थोडा पातळ चालतो. इंजिनाला नवीन फट पडलेली नसतानाही गाडी रेंगाळायला लागली, तर हे कारण मनात ठेवा. एअर स्क्रू पाव फेरा आत घेऊन बघा. तेवढ्याने भागलं नाही तर पायलट जेट एक नंबर मोठा.

शेवटी एक प्रश्न आला आहे: "माझी येझदी हेच करते. सुटे भाग मिळेपर्यंत चालवू का?"

नका चालवू. बुलेटमध्ये या दुखण्याने भीती वाटते, पण इंजिन सहसा टिकतं. मैसूरच्या येझदीत, किंवा आरएक्स 100 मध्ये, म्हणजे कुठल्याही टू-स्ट्रोकमध्ये गोष्ट वेगळी. तिथे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, म्हणून क्रँकच्या टोकांचे ऑइल सील हेही हवा अडवणारे भाग असतात. क्लचच्या बाजूचा सील गेला तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि धूर काढतं, ते निदान दिसतं तरी. दुसऱ्या बाजूचा सील कडक झाला तर नुसती हवा आत येते. धूर नाही, गळती नाही, फक्त रेस सोडल्यावर इंजिन वर राहतं. पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो, आणि जिथे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं तिथे तेही कमी मिळतं. मग कधीतरी चढावर, भर वेगात पिस्टन धरतो आणि मागचं चाक जाम होतं. गाडी तशीच घरी न्यायची वेळ आलीच, तर टेम्पोत घालून न्या. आणि सील बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. एकासाठी इंजिन दोनदा उघडण्यात अर्थ नाही.