सागरी शेवाळातील औषधी द्रव्ये आणि आपला व्यापारधर्म

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील आपल्या व्यापारी बांधवांचा संबंध तूर, ज्वारी, कापड, किराणा व औषधे यांच्याशी नित्य येतो; समुद्राशी मात्र फारसा येत नाही. तथापि समुद्रातील एका क्षुद्र जीवापासून निघालेले ज्ञान आज औषधाच्या दुकानापर्यंत येऊन पोहोचले आहे. त्याच्याच जातभाईंच्या हिरव्या गोळ्याही बाजारात विकल्या जात आहेत. मालाची पारख केल्यावाचून तो विकू नये, हा आपला जुना नियम. म्हणून या विषयाची ओळख येथे करून देत आहे.

हा जीव म्हणजे नील-हरित शैवाल. शास्त्रज्ञ त्यास सायनोबॅक्टेरिया म्हणतात, कारण त्याची पेशी वनस्पतीपेक्षा जीवाणूशी अधिक मिळतीजुळती असते. तिच्यात वेगळे केंद्रक नसते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला, तो याच जीवांच्या श्रमाने. आपल्याकडे उन्हाळ्यात तलावाच्या साचलेल्या पाण्यावर जी निळसर हिरवी साय दिसते, तीत पुष्कळदा हेच शैवाल असते. असे पाणी पिऊन गुरे मेल्याची नोंद १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस याने ऑस्ट्रेलियातील एका सरोवरासंबंधी केली होती. विष व औषध यांत अंतर मात्रेचे असते, हे वैद्यक जाणणाऱ्यांस सांगावयास नको. जो जीव विष निर्माण करतो, त्याच्यापाशी औषधही सापडण्याचा संभव असतो.

समुद्राच्या उथळ भागात खडकांवर व प्रवाळांवर हे शैवाल केसांच्या जटांप्रमाणे वाढते. त्यास पळता येत नाही, काटे नाहीत, कवच नाही. मासे व गोगलगायी यांपासून बचाव व्हावा म्हणून ते तीव्र रासायनिक द्रव्ये तयार करते. संशोधक पाण्यात उतरून ते गोळा करतात, मद्यार्कासारख्या द्रवात त्याचा अर्क काढतात आणि कर्करोगाच्या किंवा रोगजंतूंच्या पेशींवर तो अर्क लावून पाहतात. गुण दिसला तर अर्काचे भाग पाडून प्रत्येक भाग पुन्हा तपासतात. असे करीत शेवटी एकच शुद्ध द्रव्य हाती आले, म्हणजे त्याची रचना निश्चित करतात. हवाई विद्यापीठाचे रिचर्ड मूर हे या कामाचे एक अग्रणी होत. आपल्या देशात तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात सागरी नील-हरित शैवालांचे राष्ट्रीय केंद्र १९९१ साली स्थापन झाले.

या शोधातील सर्वांत बोधप्रद कथा डोलास्टॅटिनची आहे. हिंदी महासागरातील 'समुद्री ससा' नावाच्या मऊ गोगलगायीत कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबविणारे द्रव्य अमेरिकेतील जॉर्ज पेटिट यांस आढळले. डोलास्टॅटिन १० ची रचना १९८७ साली प्रसिद्ध झाली. परंतु शेकडो किलो प्राण्यांतून हाती येत ते काही मिलिग्रॅम. पुढे २००१ साली पॅसिफिकमधील पलाऊ बेटांजवळच्या नील-हरित शैवालात तेच द्रव्य सापडले. तेव्हा उलगडा झाला की गोगलगाय ते स्वतः करीत नाही. शैवाल खाऊन ते अंगात साठवते. मूळ द्रव्य माणसांवरील चाचण्यांत यशस्वी झाले नाही. पण त्याच्या नमुन्यावरून प्रयोगशाळेत बनविलेले एक द्रव्य प्रतिपिंडास जोडून थेट रोगट पेशींपर्यंत नेण्याची युक्ती साधली, आणि ब्रेंटक्सिमॅब वेडोटिन या औषधास २०११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. लसिकाग्रंथींच्या हॉजकिन नामक कर्करोगावर ते दिले जाते. आज त्यासाठी समुद्रातून गोगलगायही काढावी लागत नाही आणि शैवालही.

येथे आपल्याच भूमीतील एक पूर्वज आठवतो. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. नवव्या शतकात तेथे अमोघवर्ष नृपतुंगाचे राज्य होते. जैन वैद्य उग्रादित्याचार्य यांच्या 'कल्याणकारक' या ग्रंथाच्या अखेरीस नृपतुंगाच्या सभेत औषधातील मांसाची निरर्थकता प्रतिपादिल्याचा उल्लेख आहे. हा ग्रंथ १९४० साली सोलापुराहून छापून प्रसिद्ध झाला. प्राण्याच्या देहात गुण दिसला तरी त्याचे मूळ अन्यत्र असू शकते व ते शोधून काढता येते, ही गोष्ट डोलास्टॅटिनने प्रयोगाने दाखविली. उग्रादित्यांच्या भूमिकेस हा एक आधुनिक दाखला मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु येवढ्यावरून प्रश्न सुटला असे समजू नये. शेवाळाची गणना आपल्या शास्त्रांत अनंतकायात केलेली आहे. या औषधातील प्रतिपिंड प्राणिज पेशींत वाढवितात आणि नव्या औषधाची परीक्षा प्राण्यांवर होते. गृहस्थाच्या अणुव्रतात त्रस जीवांच्या संकल्पी हिंसेचा त्याग आणि स्थावर जीवांविषयी यत्नाचार सांगितला आहे. प्राणघातक रोगाने ग्रासलेल्यास औषध नाकारावे, असा याचा अर्थ खचित नव्हे. मात्र बाजारात 'स्पिरुलिना' नावाने मिळणाऱ्या हिरव्या गोळ्यांची बाब वेगळी आहे. तेही नील-हरित शैवालच. ते टाक्यांत वाढवून, वाळवून विकतात. ते रोग्याचा प्राण वाचविणारे औषध नसून पूरक आहार आहे. अनंतकायाचा त्याग केलेल्या ग्राहकास ते काय आहे हे सांगितल्याविना देणे म्हणजे त्याच्या व्रतास नकळत धक्का देणे होय. शिवाय 'याने कर्करोग बरा होतो' असे सांगून ते खपविणे हा सत्याणुव्रताचा उघड भंग आहे. डोलास्टॅटिनची कीर्ती स्पिरुलिनास लागू पडत नाही. दोन्ही एका कुळातील असले तरी द्रव्ये निराळी आहेत. जो रोगी अशा बोलण्यावर विसंबून योग्य उपचार लांबणीवर टाकतो, त्याची हानी कोणत्याही वहीखात्यात भरून निघत नाही.

आपल्या पूर्वजांनी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली. दंतवाणिज्य व विषवाणिज्य ही त्यांतलीच. त्या यादीमागे एकच प्रश्न आहे: हा माल कोठून आला व कोणाच्या दुःखावर आला? भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद येथील औषध वा किराण्याच्या दुकानात नवी बाटली आली, म्हणजे हाच प्रश्न विचारावा. वेष्टनावरील मजकूर वाचावा, तपासणीचा दाखला मागावा, कारण अशुद्ध पाण्यात वाढलेल्या शैवालात विषारी जातींची भेसळ होऊ शकते; आणि ग्राहकास खरे तेच सांगावे. तसेच आपल्या संघाने रसायनशास्त्र व जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींस शिष्यवृत्तीचा हात द्यावा. मान्यखेटाच्या सभेत सुरू झालेला विचार त्यांच्या हातून प्रयोगशाळेत पुढे जावा, हीच इच्छा.