इन्शुलिनचा विद्युद्भार

विरजण लावलेले दूध रात्रीतून घट्ट होते. त्यामागे विजेचे कारण आहे असे आम्ही म्हटले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. पण ताज्या दुधातील केसीन या प्रथिनाचे कण ऋणभारित असतात, एकमेकांना दूर लोटतात आणि म्हणूनच तरंगत राहतात. विरजणातील जंतू आम्ल तयार करू लागले की दुधाचा पीएच ६.६ च्या आसपासून ४.६ कडे उतरतो, कणांवरील भार नाहीसा होतो आणि ते परस्परांना बिलगतात.

हा भार येतो कोठून? प्रथिने आणि त्यांची धाकटी भावंडे पेप्टाइडे या अमिनो आम्लांच्या साखळ्या होत. त्यांवरील अमिनो गट प्रोटॉन घेतात व धनभारित होतात. कार्बोक्सिल गट प्रोटॉन देऊन टाकतात व ऋणभारित होतात. द्रव आम्ल असला, म्हणजे पीएच कमी असला, तर प्रोटॉनांची रेलचेल असते. दिलेला प्रोटॉनही परत येतो आणि धनभाराचे पारडे जड होते. अल्कधर्मी द्रवात याच्या उलट. मध्ये एका ठराविक पीएचला दोन्ही पारडी समतोल होतात. त्याला समविद्युत् बिंदू म्हणावे. तेथे रेणू सर्वांत कमी विरघळतो.

आता मधुमेहाच्या इन्शुलिनकडे वळू. त्यातील ५१ अमिनो आम्लांचा क्रम सँगर यांनी १९५५ पर्यंत उलगडला, म्हणून आपल्याला चक्क बोटांवर हिशेब करता येतो. रक्ताच्या ७.४ या पीएचला मानवी इन्शुलिनवर सहा ऋण गट आणि चार धन गट. दोन हिस्टिडिने आहेत, ती तेथे बहुतांशी निर्भार. बाकी उरली ऋण दोन. त्यामुळे ते विरघळलेले राहते आणि लवकर रक्तात शिरते. रोग्याला मात्र दिवसभर पुरणारे औषध हवे असते.

२००० साली मान्यता मिळालेल्या ग्लार्जिनमध्ये साखळीच्या टोकाला दोन आर्जिनिने जोडलेली आहेत, म्हणजे दोन धनभार अधिक. समविद्युत् बिंदू सुमारे ५.४ वरून ६.७ वर सरकला, शरीराच्या पीएचच्या अगदी जवळ. बाटलीत ते पीएच ४ च्या आम्ल द्रवात विरघळलेले असते. कातडीखाली टोचताच आम्ल मारले जाते, औषध बारीक कणांच्या रूपाने तेथेच साकळते आणि सुमारे चोवीस तास थोडेथोडे झिरपत राहते. युक्ती मोठी देखणी आहे!

जुन्या दुधाळ, दीर्घकाळ चालणाऱ्या इन्शुलिनबरोबर साधे इन्शुलिन एकाच सिरिंजमध्ये घेता येते. त्या सवयीने कोणी ग्लार्जिनही तसेच घेईल. दिसायला तेही पाण्यासारखे नितळ. पण साध्या इन्शुलिनचा द्रव पीएच ७ च्या जवळपासचा. दोन्ही मिसळली की पीएच मध्येच कोठेतरी येतो, औषध सिरिंजमध्येच गढुळते आणि ते केव्हा, किती लागू पडेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून या दोहोंसाठी सिरिंजा वेगळ्या आणि टोचण्याची जागाही वेगळी.