विश्लेषण : रंगीत भाज्या-फळांमुळे उतारवयात स्मरणशक्ती टिकते का? गोळ्या घ्याव्यात का?

माठ, शेवग्याचा पाला, जांभूळ, करवंद, कोकम ही रेवदंडा परिसरातल्या घरांत ओळखीची नावे. त्यांना रंग देणारी द्रव्ये मेंदूसाठी चांगली, असे संदेश आणि त्याच द्रव्यांच्या गोळ्यांच्या जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. देशात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. मग मुंबईतल्या मुलांनी गावी आई-वडिलांसाठी अशा गोळ्या पाठवाव्यात का?

कोणती रंगद्रव्ये?

पालेभाज्यांत ल्युटीन हे पिवळे रंगद्रव्य असते. हिरव्या रंगाआड ते दिसत नाही. मानवी मेंदूतल्या कॅरोटिनॉइड्समध्ये त्याचेच प्रमाण सर्वाधिक असते. जांभूळ, करवंद आणि कोकमाचा रंग अँथोसायनिनमुळे येतो. लाल माठाचा रंग मात्र बीटाप्रमाणे बीटालेन गटातला.

अभ्यास काय सांगतात?

शिकागोतील रश विद्यापीठाच्या संशोधकांनी ९६० ज्येष्ठांची सरासरी ४.७ वर्षे पाहणी केली. रोज साधारण एक वाटी पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरण व विचारशक्ती, ती क्वचितच खाणाऱ्यांपेक्षा सावकाश घटली. हा फरक ११ वर्षांनी तरुण असण्याइतका होता, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेतील परिचारिकांच्या २०१२ मधील अभ्यासात स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी जास्त खाणाऱ्यांत ही घट अडीच वर्षांपर्यंत लांबल्याचे दिसले. मात्र ही केवळ निरीक्षणे आहेत. भाजी-फळे खाणारे इतर बाबतींतही प्रकृती जपत असू शकतात. जांभूळ-कोकमात त्याच गटातील रंगद्रव्ये असली, तरी परिणामही तोच होईल, असे यावरून म्हणता येत नाही.

गोळ्यांचे काय?

अमेरिकेत डोळ्यांच्या आजाराच्या तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत काहींना रोज १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन दिले गेले. पाच वर्षांनंतरही स्मरणशक्तीत लक्षणीय फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भाजीत ल्युटीनबरोबर फोलेट, जीवनसत्त्व 'के' आणि तंतूही असतात. गोळीत ते सगळे येत नाही.

ताटात काय असावे?

रोज एक वाटी पालेभाजी आणि हंगामातले फळ, हा परवडणारा मार्ग. ल्युटीन स्निग्ध पदार्थासोबत चांगले शोषले जाते, त्यामुळे भाजीला तेलाची फोडणी किंवा वर ओले खोबरे हवेच. कोकम सरबतातली साखर मधुमेहींनी, आगळातले मीठ रक्तदाब असलेल्यांनी लक्षात घ्यावे. रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पालेभाजी एकदम वाढवू नये.

विसराळूपणा वाढत असेल, तर आहार बदलून वाट पाहत बसू नये. 'बी १२'ची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास हेही कारण असू शकते. साध्या रक्ततपासणीत ते कळते आणि त्यावर उपचार आहेत.