पडद्यावरील वेळेचा लगाम

चित्र, अक्षरे, आवाज व हालचाल एकत्र गुंफून संगणकावर कार्यक्रम तयार करणे यास मल्टिमीडिया म्हणतात. चित्रे व आवाज जमविणे फारसे अवघड नाही. कोणती गोष्ट केव्हा दिसावी, किती वेळ थांबावी आणि कोणाच्या इशाऱ्याने पुढे जावे, हे ठरविण्यातच खरे कौशल्य आहे.

१९९० च्या दशकात यासाठी मॅक्रोमीडिया कंपनीचे 'डायरेक्टर' हे सॉफ्टवेअर गाजले. त्याची परिभाषा नाटकासारखी. पडदा म्हणजे 'स्टेज', चित्रे व आवाज म्हणजे 'कास्ट' आणि वेळापत्रक म्हणजे 'स्कोअर'. स्कोअरमधील उभा रकाना म्हणजे एक फ्रेम. एक खूण डावीकडून उजवीकडे सरकते आणि ज्या रकान्यावर असेल तेच दृश्य पडद्यावर दिसते.

सेकंदाला १५ फ्रेम असा वेग ठरविला, तर १५० फ्रेमचे दृश्य १० सेकंदांत संपावे. परंतु संगणक मंद असला व त्याला सेकंदाला १० फ्रेमच जमल्या, तर त्यास १५ सेकंद लागतात. आवाज मात्र आपल्या गतीने १० सेकंदांतच संपतो. गायक पुढे आणि ढोलकी मागे, अशी गत होते!

यावर डायरेक्टरमध्ये उपाय होते. ठरावीक सेकंद थांबणे हा पहिला. आवाजात आधीच 'क्यू पॉइंट' म्हणजे खुणा करून त्या खुणेपर्यंत चित्राला थांबविणे हा दुसरा. आणि पाहणाऱ्याने माऊसची कळ दाबेपर्यंत थांबणे हा तिसरा.

या तिसऱ्याचे मोल आम्हांस अनुभवातून कळले. बँकेत पैसे भरण्याची स्लिप कशी भरावी, हे वस्तीतील प्रौढ महिलांना दाखविण्यासाठी आम्ही पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड तयार केल्या. प्रत्येक स्लाइडला ५ सेकंद दिले. दुसऱ्याच स्लाइडला एक आजी म्हणाल्या, "थांब की रे बाबा, माझं वाचायचं राहिलं." आम्ही ओशाळलो. ५ सेकंद हा आमच्या वाचनाचा वेग होता, त्यांचा नव्हे. बँकेच्या खिडकीवर ग्राहकाच्या नोटा मोजून होईपर्यंत आम्ही थांबतो, मग येथे घाई का? 'ट्रान्झिशन्स'मध्ये जाऊन 'आफ्टर'वरील खूण काढली, 'ऑन माऊस क्लिक' ठेवले आणि माऊस आजींच्याच हाती दिला.

डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये बंद झाली, पण त्यातील तत्त्व आजही लागू आहे. तेव्हा मित्रांनो, आवाजाबरोबर चालणारे चित्र आवाजाच्या खुणेला बांधा. पण वाचावयाचा मजकूर कधीही घड्याळाला बांधू नका. जो आयुष्यात उशिरा वाचावयास शिकला, त्याची शेवटची ओळ वाचून झाल्यावरच पडदा बदलावा, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.